मुलाच्या आठवणीसह सुट्टीचा प्रवास: एका आईच्या प्रश्नाला उत्तर

साताऱ्याजवळच्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा मुलगा साडेनऊ वर्षांचा असताना रक्ताच्या कर्करोगाने गेला, त्याला आता सव्वा वर्ष झाले. गेली दिवाळी घरात झालीच नाही. यंदा दिरांनी पुढाकार घेऊन भाऊबीजेपासून चार दिवस मालवण-तारकर्लीला जायचे ठरवले आहे. सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांचा मुलगा (जो यांच्या मुलाच्याच वयाचा आहे) आणि यांची सात वर्षांची मुलगी असे सगळे बरोबर असतील. पतीला जायचे आहे, पण यांना वाटते की आपण लेकाला मागे टाकून मजा करायला निघालो आहोत. मुलाला सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा होता आणि ते राहून गेले. आजारपणातल्या दिवाळीत मातीला हात लावायची परवानगी नव्हती म्हणून त्याने पुठ्ठ्याचा सिंधुदुर्ग केला होता, तो अजून कपाटावर आहे. जावे की नाही, गेल्यास तिथे त्याच्याविषयी बोलावे की नाही आणि मुलीच्या भाऊबीजेचे काय करावे, हे त्यांचे प्रश्न आहेत.

कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांच्या आणि ज्यांचे मूल गेले अशा आईवडिलांच्या समुपदेशनाचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे. त्या अनुभवावरून माझे मत सांगते: जावे. मात्र विसरण्यासाठी जाऊ नये, आणि तुमच्या मुलाचे नाव घरी ठेवून तर मुळीच जाऊ नये. अशा प्रवासात माणसे थकतात ती रडण्याने नव्हे, तर आठ माणसांनी चार दिवस एकच नाव टाळत राहण्याने. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून सासूबाई त्याचे नाव घेणार नाहीत, त्यांना त्रास होऊ नये म्हणून तुम्ही घेणार नाही, आणि मुलगी दोघींकडे पाहून शिकेल की दादाविषयी बोलायचे नसते. जेवणाच्या टेबलावर, गाडीत, वाळूवर प्रत्येक जण त्याचाच विचार करत असेल आणि प्रत्येकाला वाटेल की आपण एकटेच तो करतो आहोत.

‘लेकाला मागे टाकून’ ही भावना बहुतेक आईवडिलांना येते आणि ती समजावून जात नाही, त्यामुळे तसा प्रयत्न मी करणार नाही. एवढेच सांगते की गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेणे म्हणजेच सावरणे, हा जुना समज शोकावर काम करणाऱ्यांनी 1990 च्या दशकापासून बराच मागे टाकला आहे. मुलाशी असलेले नाते संपत नाही, त्याचे रूप बदलते, आणि ते जपूनही माणूस पुढचे आयुष्य जगू शकतो असे आता मानले जाते. नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक स्खुट या संशोधकांनी 1999 मध्ये मांडलेला विचार मला रोजच्या कामात फार उपयोगी पडतो. त्यांच्या मते शोकात असलेला माणूस दोन बाजूंमध्ये सतत ये-जा करत असतो. एका बाजूला त्याचे दुःख आणि आठवणी असतात, दुसऱ्या बाजूला बदललेले आयुष्य, कामे, नवी जबाबदारी आणि थोडी विश्रांती असते. ही ये-जा निरोगी आहे. कायम एकाच बाजूला अडकून राहणे त्रासदायक ठरते.

हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण तुमच्या पत्रात पतीविषयी थोडी तक्रार जाणवते: त्यांना जावेसे वाटतेच कसे? नवरा-बायको एकाच वेळी एकाच बाजूला क्वचितच असतात. आज ते सहलीच्या नकाशात रमलेले दिसतील आणि फोंडा घाट उतरताना अचानक गाडी बाजूला घेऊन उभे राहतील. त्या क्षणी कदाचित तुम्ही शांत असाल. त्यांचे दुःख तुमच्याहून कमी आहे असा निष्कर्ष त्यांच्या उत्साहावरून काढू नका. निघण्याआधी एका संध्याकाळी दोघांनीच बसून एकमेकांना विचारा की या चार दिवसांत तुला सर्वांत जड काय वाटते. उत्तरे वेगळी निघतील. मी ऐकलेल्या उत्तरांत वडिलांची उत्तरे बरेचदा फार साधी असतात: गाडीत मागच्या सीटवर रिकामी राहणारी जागा, किंवा खोली घेताना माणसे मोजणे.

त्यानंतर घरातल्या मोठ्यांशी बोला, आणि हे काम तुमच्यावर न ठेवता पतीने किंवा दिरांनी करावे. सांगायचे थोडेच आहे. त्याचे नाव घ्यायला सर्वांना मोकळीक आहे. कोणालाही कधीही खोलीत परत जायचे असेल, किनाऱ्यावर एकटे बसायचे असेल, तर त्याचे कारण विचारायचे नाही आणि मागे कोणी समजूत घालायला जायचे नाही. ‘आता किती दिवस असे करणार’, ‘धाकटीकडे पाहून तरी हस’ ही वाक्ये या चार दिवसांत बोलायची नाहीत. सासूबाईंना एक वेगळा प्रश्न जरूर विचारा: त्यांना नातवासाठी काही करायचे आहे का? एखाद्या आजीला पहिल्या जेवणाला त्याच्या नावाने घास बाजूला ठेवायचा असतो, एखादीला नुसता दिवा लावायचा असतो, आणि सून काय म्हणेल या संकोचाने ती बोलत नाही.

आता मुलीकडे येते, कारण तुमच्या पत्रात तिच्याविषयी सर्वांत कमी लिहिले आहे आणि माझ्या दृष्टीने या प्रवासात ती सर्वांत महत्त्वाची आहे. आजाराचा प्रकार तुम्ही लिहिलेला नाही, पण मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग, म्हणजे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया असेल, तर त्याचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतात. इतका काळ धाकटे भावंड आजोळी किंवा शेजारी राहिलेले असते, आई-बाबा दादाबरोबर मुंबईला गेलेले असतात, आणि घरात बोलणे असते ते रक्तपेशींच्या काउंटचे, तापाचे आणि पुढच्या किमोच्या तारखेचे. ही सहल म्हणजे तिच्यासाठी बऱ्याच काळानंतर आई-बाबा दोघेही तिच्याजवळ असण्याचे दिवस आहेत. तेवढ्यासाठी जरी गेलात तरी ते त्याच्याशी बेइमानी करणे नाही.

साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलांना कळू लागते की मेलेले माणूस परत येत नाही. पण मुले मोठ्यांसारखी तासनतास शोक करत नाहीत. ती एक प्रश्न विचारतात, डोळे भरून येतात आणि पाचच मिनिटांत शंख-शिंपले गोळा करायला पळतात. त्यावरून तिला काही वाटत नाही असे समजू नका, आणि ती खेळत असताना तिला थांबवून दादाची आठवण करून देऊ नका. तिच्या मनात न विचारलेले दोन प्रश्न असण्याची शक्यता मोठी आहे: माझ्यामुळे झाले का, आणि मलाही होईल का? प्रवासात साधी सर्दी झाली, अंग गरम लागले, तरी हे प्रश्न वर येतात, कारण तिच्या घरात ताप म्हणजे रात्रीच्या रात्री रुग्णालयात धावणे होते. निघण्याआधीच तिला स्पष्ट शब्दांत सांगा की दादाचा आजार संसर्गाने पसरणारा नव्हता, कोणाशी भांडल्याने किंवा कोणी रागाने काही बोलल्याने तो झाला नव्हता, आणि प्रवासात होणारी सर्दी ही फक्त सर्दी असते. ‘देवबाप्पाला आवडला म्हणून नेला’ किंवा ‘तो झोपला आहे’ असे सांगू नये. सात वर्षांचे मूल त्यातून आपल्याही झोपेची आणि देवाच्या आवडीची भीती घेऊन बसते.

भाऊबीजेचा प्रश्न तुम्ही शेवटी एका ओळीत विचारला आहे, पण मला वाटते तोच तुमच्या मनात सर्वांत खोल आहे. त्या दिवशी ताट तयार करून तिला चुलत भावासमोर बसवायचे आणि सण साजरा झाला असे मानायचे, असे करू नका. चुलत भावाला ओवाळणे चांगलेच आहे, फक्त ते दादाच्या ऐवजी आहे असा अर्थ त्याला चिकटू नये. त्या मुलावरही तो भार पडतो. आपल्याकडे भाऊ नसलेल्या बहिणीने चंद्राला ओवाळण्याची रीत आहे. तारकर्लीचा किनारा पश्चिमेकडे उघडा आहे, आणि द्वितीयेची कोर सूर्यास्तानंतर थोडाच वेळ त्याच बाजूला, समुद्रावर खाली दिसते आणि लवकर मावळते. तिला आधी विचारा: तुला दादासाठी चंद्राला ओवाळायचे आहे का, चुलत भावाला ओवाळायचे आहे, दोघांनाही, की यंदा काहीच नको? ती जे म्हणेल ते करा, आणि तिने ऐनवेळी मत बदलले तरी मान्य करा. वाऱ्यात निरांजन टिकणार नाही, त्यामुळे झाकणाचा कंदील बरोबर घ्या. ढग असले तरी काही बिघडत नाही, दिशा माहीत आहे तेवढी पुरे. सासूबाईंना ही रीत माहीत असेलच. तिला ती आजीकडून कळली तर फार चांगले.

दिरांच्या मुलाविषयी तुम्ही जे लिहिले आहे ते लिहायला धैर्य लागते. त्याला पाहिले की आपला आत्ता एवढा उंच झाला असता असे वाटते, कधी त्याचा राग येतो आणि मग त्या रागाची लाज वाटते. समवयस्क पुतण्या-भाचे असलेल्या जवळजवळ प्रत्येक आईने हे माझ्याजवळ कधी ना कधी बोलून दाखवले आहे. हा राग त्या मुलावर नसतो. तरीही तो लाटांत उड्या मारत असताना तुम्ही किनाऱ्यावर बसून पाहायलाच हवे असे नाही. त्या वेळी जावेने मुलांबरोबर थांबावे आणि तुम्ही दुसरीकडे फिरायला जावे, हे आधीच ठरवून ठेवा. जावेला खरे कारण सांगा. तिला ते जाणवत असतेच, आणि न बोलल्यामुळे तीही आपल्या मुलाला तुमच्यासमोर जवळ घ्यायला कचरते. त्या मुलाचाही एक जोडीदार गेला आहे हे मात्र कोणी तरी त्याच्याशी बोलले पाहिजे. बहुधा आजवर कोणी बोललेले नाही.

सिंधुदुर्गाला जावे का? जावे, आणि ते तुमच्या मुलासाठी जाणे आहे असे सर्वांना माहीत असावे. मात्र पहिल्या दिवशी नको आणि शेवटच्याही नको. पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण असतो, शेवटच्या दिवशी निघण्याची घाई असते, आणि एवढी मोठी गोष्ट घाईत उरकली तर नंतर खंत राहते. मधल्या एखाद्या दिवशी, सकाळी ऊन चढण्याआधी मालवणच्या जेटीवरून होडीने जा. कुरटे बेटावर 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला बांधायला घेतला, आत चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे दाखवतात, शिवराजेश्वराचे मंदिर आहे. यातले बरेच तुमच्या मुलाला पाठ असणार. पुठ्ठ्याच्या किल्ल्यात त्याने काय काय दाखवले होते ते मुलीला शोधू द्या: दरवाजा कुठे, बुरूज कसे, त्याचे काय बरोबर आले होते. तटावर उभे राहून त्याच्याविषयी प्रत्येकाने एकेक गोष्ट सांगावी असे वाटले तर सांगावी, न वाटल्यास नुसते थांबावे. कोणाला होडीत बसवत नसेल तर ते जेटीवर थांबतील. एवढा एक वेळ त्याच्यासाठी राखून ठेवला की उरलेल्या दिवसांवरचा भार हलका होतो. सगळी सहलच श्राद्धासारखी करण्याची गरज नाही.

तो पुठ्ठ्याचा किल्ला मात्र बरोबर नेऊ नका. समुद्रात सोडावा असे तुम्ही लिहिले आहे. कृपया तसे करू नका. पुठ्ठ्यावर रंग आणि चिकटपट्टी असते, आणि या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे: त्याच्या हाताने केलेल्या वस्तू आता नव्याने होणार नाहीत, आणि भावनेच्या भरात सोडून दिलेली वस्तू परत मिळत नाही. तुमची मुलगी पंधरा वर्षांची झाल्यावर तिला हा किल्ला हवा असेल. किल्ल्याचा फोटो मोबाइलमध्ये न्या आणि मूळ किल्ला घरी नीट झाकून ठेवा.

प्रवासाच्या तयारीत एक गोष्ट नकळत मनाला लागते. बॅग भरताना हात सवयीने थर्मामीटर, रिपोर्टची फाइल, मास्क आणि उलटीच्या पिशव्यांकडे जातो. शक्य असेल तर रुग्णालयात नेत होतात ती बॅग वापरू नका. तुमचा रस्ता कोल्हापूरच्या दिशेने आहे, मुंबईच्या नाही, ही सोयीची बाब आहे, तरी थांबायचे ठिकाण नवे निवडा. खोलीत फिनेलचा किंवा स्पिरिटचा वास असला तर क्षणात वॉर्ड समोर उभा राहतो. असे झाल्यास खिडक्या उघडून बाहेर या, पाय वाळूवर ठेवा आणि आसपास काय दिसते ते मोठ्याने नाव घेऊन सांगा. शरीर शांत व्हायला थोडा वेळ लागतो. पहिली रात्र बहुधा झोपेविना जाते, त्यामुळे दुसऱ्या सकाळी काहीही ठरवू नका.

कोकणात घरगुती निवास असेल तर जेवण वाढणाऱ्या काकू आपुलकीने विचारणारच: ‘मुलं किती?’ या एका प्रश्नाच्या भीतीने कित्येक आया घराबाहेर पडत नाहीत. त्याचे उत्तर आधी ठरवून, मोठ्याने दोनदा म्हणून पाहा. ‘दोन. मोठा मुलगा गेल्या वर्षी गेला’ हे एक उत्तर आहे, आणि समोरच्याने ओशाळून माफी मागितली तर ‘तुम्ही विचारलंत ते बरंच झालं’ एवढे म्हणता येते. ‘ही आमची मुलगी’ हेही उत्तर आहे. अनोळखी माणसाला सर्व काही सांगण्याचे तुमच्यावर बंधन नाही, आणि न सांगण्याने मुलगा नाकारला जात नाही. फक्त दुसरे उत्तर देणार असाल तर मुलीला आधी सांगून ठेवा, नाहीतर ती मध्येच म्हणेल, ‘मला दादा आहे,’ आणि तिला वाटेल की आई खोटे बोलली. ती म्हणालीच, तर तिचे बरोबर आहे असे तिथेच सांगा. हा प्रश्नच नको असेल, तर दिरांनी खोली आरक्षित करतानाच मालकांना फोनवर कल्पना द्यावी. माणसे समजून घेतात.

तुम्ही कधीतरी हसाल. गरम घावन खाताना, सासऱ्यांच्या एखाद्या बोलण्यावर, अगदी मनापासून हसाल आणि दुसऱ्याच क्षणी छातीत कळ येईल. तेव्हा उठून जावेसे वाटले तर जा, पण हसल्याची शिक्षा म्हणून उरलेला दिवस खोलीत काढू नका.

परतीचा विचार बहुतेक कुटुंबे करत नाहीत, आणि माझ्या अनुभवात तोच सर्वांत अवघड भाग असतो. चार दिवस माणसांत काढून कुलूप उघडले की घर पुन्हा पहिल्यासारखे रिकामे वाटते, कधी पूर्वीपेक्षा जास्त. म्हणून रात्री उशिरा पोहोचू नका, उजेडात पोहोचा. दुसऱ्या दिवशी पतीने कामावर जाऊ नये. घरात शिरल्यावर कोणाला त्याच्या कपाटाशी जाऊन किल्ल्याविषयी सांगायचे असेल तर सांगू द्या, त्यात वेडेपणा काही नाही. आणि शाळा उघडण्याआधी मुलीच्या वर्गशिक्षिकांना भेटा. ‘माझी दिवाळीची सुट्टी’ हा निबंध वर्गात येतोच. ती दादाविषयी लिहिणार असेल तर बाईंनी ते नेहमीसारखे तपासावे, वर्गात वाचायला लावायचे असेल तर आधी तिला विचारावे.

काही लक्षणे दिसल्यास मात्र सहलीची वाट पाहू नका आणि सहलीने ती बरी होतील असेही समजू नका. मला त्याच्याकडे जायचे आहे असा विचार वारंवार येणे, आठवडेच्या आठवडे जेवण किंवा झोप तुटणे, मुलीकडे लक्षच न देता येणे, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांवर दिवस निघणे, ही ती लक्षणे. तीव्र शोक सहा महिने ते वर्षभरानंतरही तसाच राहून रोजचे जगणे अडत असेल, तर त्याला दीर्घकालीन शोकविकार म्हणून आता जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात स्थान आहे आणि त्यावर उपचार आहेत. सव्वा वर्षाने मूल आठवून रडू येणे म्हणजे हा विकार नव्हे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असते आणि मराठीत बोलता येते. जिथे मुलावर उपचार झाले तिथल्या समाजसेवा विभागालाही फोन करता येतो. मूल गेल्यानंतर आईवडिलांनी पुन्हा संपर्क करू नये असा कोणताही नियम नाही, आणि तिथे त्याला ओळखणारी माणसे असतात.

आरक्षण करताना रद्द करता येईल असेच घ्या आणि शक्य असल्यास दोन गाड्या न्या, म्हणजे तुम्हा तिघांना एक दिवस आधी परतावेसे वाटले तर इतरांची सहल न मोडता निघता येईल. आदल्या दिवशी सकाळी जावेसे वाटले नाही, तर न जाण्याचा निर्णयही पतीबरोबर बसून घ्या. तसे झाले तरी भाऊबीजेविषयी मुलीला विचारायचे राहू देऊ नका. साताऱ्यात पश्चिमेला डोंगर आडवे येतात, त्यामुळे कोर पाहायला गच्चीवर थोडे लवकर जावे लागेल.